चौथ्या मजल्यावरचा ड्रमर

ड्रमसेट घरात आणायचा विषय आमच्याकडे चहा गार व्हायच्या आत संपला. सहकारनगर, चौथा मजला, खालच्या घरात एक आजोबा ज्यांना आम्ही खुर्ची सरकवली तरी कळतं, शेजारी दहावीचं पोर, आणि भिंती अशा की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आपणच मोजायच्या. ड्रमसेट जरा मन लावून वाजवला तर शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. निवासी भागात कायद्यानं दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे, आणि हे आकडे पुण्यात भाद्रपद सोडून बाकी अकरा महिने सगळ्यांना तोंडपाठ असतात. तेव्हा ड्रमर हवा असेल तर तो कॉम्प्युटरमध्येच बसणार, त्याला इलाज नव्हता.

मी गाणी करते. नोकरी वेगळीच आहे, पण रात्री ओटा आवरला की एक अकूस्टिक गिटार, एक माइक, माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस आणि स्वतः लिहिलेले मराठी शब्द एवढा संसार मांडून बसते. आता गिटार खरी, गळा खरा, आणि मागे ड्रम असे की दुसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत कुणालाही कळावं की हे मशीन वाजतंय, हे मला फार खुपतं. मशीनचा आवाज वाईट असतो असं माझं म्हणणं नाहीये हं. रोलंडचं ८०८ हे ड्रम मशीन आलं १९८०मध्ये, त्यातले आवाज सगळे सर्किटमधून काढलेले, खऱ्या ड्रमशी त्यांचा संबंध तसा लांबचाच, आणि तरी आज जगभर तेच वाजतंय कारण ते खरं असल्याचा आव आणत नाही. आव आणला की पंचाईत सुरू होते.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. व्हर्च्युअल ड्रमर म्हणजे असं सॉफ्टवेअर ज्यात कुणीतरी चांगल्या स्टुडिओत खरा ड्रमसेट मांडून, खऱ्या ड्रमरकडून एकेक ड्रम हळू, मध्यम, जोरात असा असंख्य वेळा वाजवून घेऊन रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, आणि आपण मिडीतून, म्हणजे वाद्यांच्या डिजिटल भाषेतून, सांगायचं की इथे किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), इथे स्नेअर (काठीचा कडक आवाजाचा ड्रम), इथे हाय-हॅट (दोन झांजांची जोडी), मग ते त्या साठ्यातला एक एक फटका काढून वाजवतं. बीएफडी २००३मध्ये आलं, ईझीड्रमर २००६मध्ये, ॲडिक्टिव्ह ड्रम्स आहे, सुपिरियर ड्रमर आहे, फुकटात हवं असेल तर एमटी पॉवर ड्रम किट आहे. ॲपलचं लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना २०१३पासून ड्रमर घरातच मिळालाय, त्याला सांगायचं की जरा साधं वाजव, जरा हळू वाजव, आणि तो ऐकतो. खऱ्या ड्रमरना हे सांगून बघा.

पण आपल्याकडे ह्या सगळ्याच्या आधी ऑक्टापॅड येऊन बसलाय. ऑर्केस्ट्रा असो, गणपतीतला कार्यक्रम असो, लग्नातला बँड असो, कोपऱ्यात स्टँडवर आठ रबरी चौकोन आणि त्यामागे एक घामाघूम झालेला माणूस. रोलंडचा एसपीडी-२० तर कितीतरी वादकांचा संसार चालवतोय. त्यातला ढोलकीचा आवाज ढोलकीसारखा असतो का? नसतो. टाळ तर पत्र्याच्या डब्यासारखा. तरी लावणीचा ठेका सुरू झाला की मागच्या रांगेतून शिट्टी येते, कारण मारणारा हात खरा आहे, तो गाणारीच्या तोंडाकडे बघून मारतोय, तिनं श्वास लांबवला की तो अडतो, ठसका दिला की हा दोन टक्के जास्त देतो. ऑक्टापॅडात आवाज खोटा आणि माणूस खरा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर उलटं, एकेक फटका शंभर टक्के अस्सल, महागड्या माइकनं टिपलेला, आणि वाजवणारा माणूसच गायब. माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे. लोक आवाज निवडायला बसतात, आणि खरं म्हणजे माणूस निवडायचा असतो.

कुठलंही किट उघडलं की पहिल्यांदा त्याचा डेमो वाजवायचा मोह होतो. तो मोह आवरावा. डेमोतला ग्रूव्ह, म्हणजे ठेका, कंपनीनं असा बनवलेला असतो की त्या किटचं जे जे बरं आहे तेवढंच समोर यावं, आणि वरून कॉम्प्रेसर, ईक्यू, रिव्हर्ब असे आवाज सजवणारे सगळे इफेक्ट लावून ठेवलेले असतात. एकटं ऐकताना छाती दणाणते. तेच गिटारमागे लावलं की गिटार कुठे गेली शोधत बसा, कारण सगळी जागा ड्रमनी आधीच व्यापलेली. शिवाय आपल्या कानाची एक खोड आहे, जे जरा मोठ्यानं वाजतं ते त्याला जास्त चांगलं वाटतं. म्हणून दोन किट्सची तुलना करताना आधी दोन्हीचा आवाज सारख्या पातळीवर आणायचा, नाहीतर तुम्ही किट निवडत नसून व्हॉल्यूम निवडताय.

मी काय करते, स्नेअरची एकच पट्टी धरते आणि हळू वाजवून बघते. मिडीत फटक्याच्या जोराला १ ते १२७ असे आकडे असतात, व्हेलॉसिटी म्हणतात त्याला. १२०ला सगळ्याच स्नेअर छान वाजतात, फटाकडी फुटल्यासारखा आवाज काढणं काही अवघड नाही. पण ३०, ३५, ४० इथे खरी परीक्षा असते. खऱ्या स्नेअरवर काठी नुसती टेकवली ना, तर मोठ्या फटक्याचा आवाज कमी करून जो मिळतो तो तिथं नसतो, ती वेगळीच गोष्ट असते. वरचा चटका जवळजवळ नाहीसा होतो, आवाज जरा अंधारल्यासारखा होतो, आणि खाली ज्या तारा ताणलेल्या असतात त्यांची चर्र अशी कुजबूज मात्र त्या मानानं जास्त ऐकू येते. हलक्या किट्समध्ये काय केलेलं असतं, जोराचे तीनचार नमुने घेतलेले असतात आणि हळूसाठी त्यांचाच व्हॉल्यूम कमी केलेला असतो. कान टेकवून ऐका, लगेच कळतं. आणि मग जोर एकेक आकड्यानं वाढवत न्यायचा, ४०, ४१, ४२, मध्येच एका जागी आवाजाचं पात्रच बदलल्यासारखा झटका बसतो, म्हणजे एक थर संपून दुसरा सुरू झाला. असे झटके जितके कमी, तितका तो ड्रमर सलग.

दुसरी परीक्षा म्हणजे एकाच जोरानं एकच फटका भराभर मारत राहायचा. दर वेळी तोच नमुना वाजला तर टर्र्र्र असं बंदुकीसारखं ऐकू येतं, माणसाच्या हातून ते कधीच होत नाही कारण काठी दोनदा त्याच केसाएवढ्या जागेवर पडत नाही. चांगल्या किटमध्ये एकाच जोराचे अनेक नमुने आळीपाळीनं वाजतात, राउंड रॉबिन म्हणतात. हे सगळं साठवायला जागा लागते, म्हणून ह्या लायब्ऱ्या अगडबंब असतात, सुपिरियर ड्रमर ३ची तर २३० जीबीच्या वर आहे. पण नुसत्या जीबीवर जाऊ नका हं, त्यातला बराच भाग खोलीतल्या लांबलांबच्या माइकचा असतो, जो आपल्या गाण्यात कदाचित कधी लागणारच नाही. १९८०चं लिन एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने वाजवणारं पहिलं मशीन, त्यात क्रॅश आणि राइड ह्या मोठ्या झांजाच नव्हत्या, कारण झांजेचा आवाज लांब रेंगाळतो आणि तेवढी मेमरी तेव्हा परवडत नव्हती. आता मेमरी पैशाला पासरी झालीये आणि तरी लोक तक्रार करतात की ड्रम खरे वाटत नाहीत.

हाय-हॅटबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण किक-स्नेअर सगळे निवडतात आणि हाय-हॅट आपोआप जे येईल ते घेतात. गाण्यात सगळ्यात जास्त वेळा वाजणारी वस्तू तीच. दोन झांजा एकमेकींवर, पायानं उघडझाप. काठीचं टोक वर टेकवलं तर बारीक टिक्‌, काठीची मान कडेवर मारली तर जाडसर च्यॅक्‌. साधा आठाचा ठेका घ्या, टिक टिक टिक टिक, सगळ्यांचा जोर ९० करून ठेवला तर शिलाई मशीन. तेच पहिल्यावर ९५ आणि कडेचा आवाज, दुसऱ्यावर ६० आणि टोकाचा, तिसऱ्यावर ९०, चौथ्यावर ५५, आणि मुखड्याच्या तोंडाशी शेवटच्या ठोक्यावर झांजा अगदी चिमूटभर उघडलेल्या, की लगेच ते झुलायला लागतं. ही चिमूटभर उघडझाप किती पायऱ्यांची आहे ते किट घेण्याआधी बघावं. नुसतं बंद आणि उघडं अशा दोनच अवस्था असतील तर सरळ पुढच्या किटकडे जावं, माझं स्पष्ट मत.

आता माणसाचं. आईनं तबल्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात, पुढे आमच्यामुळे राहिलं असं ती म्हणते, तर ती एकदा आतून भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, हा दमत नाही का?" मी म्हटलं कोण? म्हणाली, "हाच, तुझा वाजवणारा. मघापासून एकाच जोरानं चाललंय, हाताला घाम नाही त्याच्या." ड्रमच्या विषयावर इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. कॉम्प्युटर म्हणतो ह्युमनाइज बटण दाबा, आणि ते बटण काय करतं तर प्रत्येक फटका इकडे-तिकडे थोडासा ढकलून देतं, कुठलाही कसाही. माणूस असा चुकत नाही. माणूस एका दिशेनं चुकतो. फिल, म्हणजे ठेक्यातली मधली सजावट, आला की तो थोडा पुढे पळतो, फिल संपून समेवर आला की सावरतो, अंतरा शांत असेल तर मागे रेलून बसतो. म्हणून मी बटण दाबत नाही, लय हलवते, अंतरा मिनिटाला ८४ ठोक्यांवर असेल तर मुखडा ८५ किंवा ८६, ऐकणाऱ्याला कळतही नाही, पण गाणं उठतं. आणि स्नेअर सगळीकडे ग्रिडच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं आखलेल्या ठोक्याच्या रेघेच्या, केसभर मागे, पाचदहा मिलिसेकंद, म्हणजे तो माणूस निवांत आहे, त्याला घरी जायची घाई नाही.

भावाचा एक मित्र सिंहगड रोडला पोरांना ड्रम शिकवतो. त्याला मी एक गाणं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. "ताई, ह्याला तीन हात आहेत." झालं होतं असं की हाय-हॅट सोळाच्या गतीत दोन्ही हातांनी चालू, त्यातच स्नेअर, आणि वर क्रॅश. त्यानं माझ्या टेबलावरच दोन पेनांनी वाजवून दाखवलं, की उजवा हात स्नेअरवर गेला की तेवढ्यापुरती हाय-हॅट गप्प होते, ते भोक राहायलाच हवं, ते भोक म्हणजेच त्याचा हात. तेव्हापासून मी माउसनं ठोके मांडणं सोडलं आणि छोट्या मिडी कीबोर्डवर बोटांनी वाजवते, दोन बोटं म्हणजे दोन हात, किक नंतर वेगळी. बोटांनी वाजवलं की जे दोन हातांना जमत नाही ते मुळात वाजतच नाही. त्यानं अजून एक सांगितलं ते बाकी कुठे मला ऐकायला मिळालं नव्हतं, की नवा ड्रमर मोठे फटके कसे मारतो ते बघू नकोस, दोन मोठ्या फटक्यांच्या मधे डावा हात काय करतो ते बघ. स्नेअरवर नुसती टकटक चालू असते त्याची, स्वतःशीच बोलल्यासारखी. घोस्ट नोट म्हणतात. आणि हीच टकटक ३० ते ४०च्या जोराची असते, जिथे हलकी किट्स उघडी पडतात.

खोलीचा मुद्दा राहिला, आणि तो मोठा आहे. लांबून, हॉलमधे उभं राहून कुणी ड्रम ऐकतं तेव्हा त्याला किक वेगळी, स्नेअर वेगळी अशी ऐकू येत नाही, एक अख्खी वस्तू एका जागेत वाजताना ऐकू येते. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेलबाग चौकातून पथक लक्ष्मी रोडला वळतं तेव्हा कान देऊन ऐका. चौकात होता तोच ताशा, तीच कडी, पण रस्त्यात शिरला की दोन्ही बाजूंच्या इमारती त्याला पकडतात आणि आवाज छातीवर येऊन आदळतो. आणि तुम्ही लांब उभे असाल तर ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि आवाज मागून येतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, शंभर मीटरवर पाव सेकंदाच्या जरा वर उशीर. ड्रमच्या खोलीत हेच लहान प्रमाणात होत असतं, तीन मीटरवर टांगलेल्या माइकला स्नेअर नऊएक मिलिसेकंद उशिरा पोचते, आणि त्या उशिरावरून आपल्या मेंदूला भिंत कुठे आहे ते कळतं.

म्हणून सॉफ्टवेअरचा मिक्सर उघडल्यावर बहुतेक जण जे करतात त्याच्या उलट मी करते. आधी सगळे जवळचे माइक बंद. फक्त ओव्हरहेड, म्हणजे ड्रमरच्या डोक्यावरचे दोन माइक. तेवढ्यावर जर सेट पूर्ण आणि तोल सांभाळून ऐकू आला, स्नेअर मधोमध उभी राहिली, झांजांनी कान खाल्ले नाहीत, तर ते किट मला चालतं. मग त्यात किकचा माइक चवीपुरता, स्नेअरचा चवीपुरता, आणि रूम माइक गाण्याप्रमाणे. ब्लीड म्हणून एक बटण असतं बऱ्याच ठिकाणी, म्हणजे स्नेअर वाजली की टॉम नावाच्या शेजारच्या ड्रमच्या माइकमध्येही ती थोडी शिरते, किक वाजली की स्नेअरच्या तारा थरथरतात. लोक स्वच्छ आवाजाच्या नादात ते बंद करतात. ते चालू ठेवावं. लेड झेपलिनच्या १९७१च्या अल्बमच्या वेळी जॉन बॉनहॅमचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि माइक वरून जिन्यात टांगलेले, आणि त्या जिन्याची नक्कल करण्यात अजून अर्धं जग गुंतलंय.

जिना तर आमच्याकडेही आहे. तेव्हा मी कोरडे ड्रम, रूम माइक वगैरे सगळं बंद करून, एका स्पीकरवर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लावले आणि चौथ्यावरून रेकॉर्ड केलं. दुपारची वेळ टाळली, पुण्यात राहते मी. एक काका पिशवी घेऊन वर येत होते, त्यांनी स्पीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "कसलं बिघडलंय?" काही नाही काका, आवाज चेक करतीये. "मग चांगला येतोय की," म्हणाले आणि गेले. खरंच चांगला आलाय. फरशी, लोखंडी कठडा आणि लिफ्टची जाळी ह्यांचा मिळून एक छोटा, जरासा किणकिणता असा आवाज आहे, कुठल्याही महाग किटच्या रूम माइकइतका भव्य अजिबात नाही, पण माझा गळा ज्या घरात रेकॉर्ड झालाय त्याच घराचा आहे. आता तो थोडासा मी प्रत्येक गाण्यात मिसळते. ऐकणाऱ्याला जिना कळणार नाही, फक्त गाणारी आणि वाजवणारा एका इमारतीत आहेत एवढं वाटतं.

राहिलं ग्रूव्हचं. ह्या सॉफ्टवेअरांबरोबर तयार ठेके येतात, रॉक, फंक, जॅझ, ब्लूज, ढिगानं. भजनी ठेका त्यात शोधायला जाऊ नये. माझं सध्याचं गाणं केरव्याच्या अंगानं जातं, तर मी आईलाच बसवलं आणि म्हटलं बोल म्हण. धा गे ना ती, ना क धिं ना. जिथे डग्गा घुमतो तिथे किक द्यायची असं ठरवलं, म्हणजे पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. हाय-हॅट आठही मात्रांवर, पण चाटीच्या ‘ना’वर जरा कडक. आणि पाचव्या मात्रेवर, सवयीनं, स्नेअर. वाजवून बघितलं तर मस्तच, एकदम संथ हाफ-टाइम ग्रूव्ह झाला, इंग्लिश बँडसारखा. आईचा चेहरा मात्र असा झाला की तिच्या पायावर कुणी पाय दिलाय. "अगं पाचवी खाली आहे. खालीवर एवढा जोरात कशाला मारतोय हा?"

आता ह्याला काय उत्तर देणार. तबल्यात जिथे टाळी न देता हात नुसता हवेत फिरवायचा, डग्ग्याची घुमक काढून घ्यायची, नेमकं तिथंच ड्रमसेटवाल्यांचा सगळ्यात मोठा फटका. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि माझं गाणं मधे. बऱ्याच खटपटीनंतर स्नेअरचा फटका काढून तिथे क्रॉस-स्टिक घेतली, म्हणजे काठी आडवी ठेवून ड्रमच्या कडेवर टक्‌, आणि तीसुद्धा ७०च्या वर नाही. टक्‌ झाल्यावर किक नाही, घुमक नाही, एक मात्राभर पोकळी. ती पोकळी आईला खाली वाटते आणि मला बॅकबीट, ड्रमवाल्यांचा तो मोठा फटका. ह्या एका टक्‌पायी मी किटच बदललं, कारण आधीच्या किटमध्ये क्रॉस-स्टिकचे नमुने दोनतीनच होते आणि गाणंभर तेच वाजणार होतं. आता जे घेतलंय ते जॅझवाल्यांचं छोटं किट आहे, १८ इंची किक, १४ इंची स्नेअर, दोनच टॉम. १८ इंची किकला पोटातला दणका नाही, पण ती डग्ग्यासारखी जरा सुरात बोलते, आणि सुरात बोलणारी किक असली की तिचा सूर गाण्याच्या पट्टीशी जुळवावा लागतो हे आलंच. माझं गाणं काळी एकमध्ये, किक जराशी वर बोलत होती, सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगचं बटण असतं ते फिरवून खाली आणली. स्नेअरचा मागे रेंगाळणारा सूर पण तपासावा, तो गाण्याच्या सुराशी भांडत असेल तर आपल्याला कारण कळत नाही आणि उगाच गायन बेसूर वाटत राहतं. रिंगो स्टार ड्रमवर किचनमधले टॉवेल टाकून वाजवायचा, तो गुंज मारायलाच.

बाकी किरकोळ गोष्टी आहेत. लायब्ररी एसएसडीवर ठेवा, नाहीतर लोड होईपर्यंत चाल विसरेल. बोटांनी वाजवताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो आकडा, १२८वर आणा, म्हणजे उशीर तीनएक मिलिसेकंद राहतो, मिक्स करताना वाढवा. आणि किटचा निर्णय हेडफोनवर रात्री एक वाजता घेऊ नका, सकाळी कणीक मळताना फोनच्या स्पीकरवर मंद आवाजात लावा, त्यातही जर डाव्या हाताची टकटक जाणवली तर ते किट पक्कं.

गाणं जवळजवळ झालंय. शेवटच्या समेवर क्रॅश हवी की नको ह्यावर घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते सम दाखवलीच पाहिजे, भावाचा मित्र म्हणतो शेवटचा शब्द एवढा हळू गायलीयेस ताई, त्यावर झांज मारायला कुठलाच ड्रमर हात उचलणार नाही. मी राइडवर मऊ गोळ्याच्या काठीचा एक नमुना शोधलाय, ४५च्या जोराचा. तो दोघांनाही आवडलेला नाही, आणि मी तोच ठेवणार आहे.